तळाची दुसरी रेघ

१

माझ्या सासऱ्यांनी लाकडी खोकी ठोकली. माझ्या यजमानांनी पत्र्याचे डबे घडवले आणि पुढे, काळाची पावले ओळखून, प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. माझ्या मुलाने त्या पिशव्यांना चकचकीत, थरावर थर चढवलेल्या फिल्मचे रूप दिले आणि कारखाना नावारूपाला आणला. तिघांचा धंदा एकच : दुसऱ्याचा माल झाकायचा, बांधायचा आणि सुखरूप पोहोचवायचा. चौथ्या पिढीत माझी नात आली आणि तिने भर बैठकीत बापाला सुनावले, की माल महिनाभरात संपतो आणि त्याचे वेष्टन आपल्या नातवंडांच्या पश्चातही उरते, हा व्यवहार तिला मान्य नाही. तिने कागद निवडला, त्यावर पिष्टाचा आणि वनस्पतींच्या मेणाचा लेप चढवला, आणि मातीत पुरले की मातीच होऊन जाईल असे पाकीट सिद्ध केले. बाळांच्या खाण्याची भुकटी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीने ते पाकीट घेण्याची तयारी दाखवली होती. फक्त त्यांच्या तपासणीत ते उतरायचे राहिले होते.

हे मी अभिमानाने सांगते, आणि का सांगू नये? पण ही हकीकत अभिमानाची नाही. त्याच पाकिटातले खाऊन आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मांजर मरून पडले, त्या दिवसाची आहे.

सकाळची वेळ होती. नातीने भुकटी कोमट पाण्यात कालवली, वाटी निवायला खिडकीत ठेवली आणि ती बाळाचे कपडे बदलायला आत गेली. मी माझ्या खोलीत बसले होते; कपडे बदललेले बाळ माझ्याजवळ ठेवून ती चमचा आणायला परत गेली. तिची हाक आली ती ओरडून नव्हे, अगदी हळू. आणि त्या हळू आवाजानेच मी ताडकन उठले.

"आजी, इकडे ये. बाळाला तिथंच ठेव. आणू नकोस."

वाटी उपडी झाली होती. मांजराचे पाय ताठ झाले होते आणि मिशांना पांढरी पेज लागली होती. नात खिडकीच्या चौकटीला धरून उभी होती.

"बाळानं खाल्लं का?" मी विचारले.

"नाही. एक घासही नाही. मी चमचा शोधत होते, आजी. चमचा सापडला असता तर..."

"पुढचं बोलू नकोस. ते पाकीट दे माझ्याकडे."

तिने रिकामे पाकीट माझ्या हातात ठेवले. तिचे बोट पाकिटाच्या तोंडावरच्या करकरीत खाचांवरून फिरले. कारखान्यातल्या मशीनने सील मारले, की अशा बारीक आडव्या खाचा उमटतात.

"हे सील शाबूत होतं," ती म्हणाली. "मी माझ्या हातानं कात्रीनं कोपरा कापला. कुठं भोक नाही, चीर नाही. मग बंद पाकिटात विष गेलं कसं?"

२

नातीने डब्यात काढून ठेवलेली उरलेली भुकटी आपल्या प्रयोगशाळेत नेली आणि परतली तेव्हा तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"वाळवीचं औषध आहे. कागदाच्या गोदामात आपण जी पांढरी पूड टाकतो ना, तेच. कणभर नाही, चांगलं चिमूटभर."

आमचे घर आणि कारखाना एकाच अंगणाच्या दोन बाजूंना आहेत. मी मशीन बंद करायला लावली. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी ती मशीन गप्प झालेली मी ऐकली नव्हती. त्या शांततेत प्रत्येकाचे पाऊल मोठे वाजू लागले. दिवाणखान्यात मी सर्वांना बोलावले : माझा मुलगा, नात, तिचा नवरा, भुकटीच्या कंपनीकडून नमुने न्यायला आलेल्या तपासनीस बाई आणि आमचे जुने मिस्त्री. नमुन्यांच्या खोलीत गेल्या दोन दिवसांत पाय टाकलेली माणसे एवढीच.

"पाकीट घरात आलं कुठून?" मी विचारले.

"तपासनीस बाईंच्या पेटीतून," नात म्हणाली. "वरचंच एक काढून घेतलं. जे त्यांच्या प्रयोगशाळेत जाणार, तेच माझ्या बाळाच्या पोटात जायला हवं. नाहीतर मी लोकांना कोणत्या तोंडानं सांगू?"

"कोणाला सांगून घेतलंस?"

"फक्त याला." तिने नवऱ्याकडे पाहिले.

माझा मुलगा खुर्चीवर मटकन बसला. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. नातवंडावरचा घाला ऐकून कोणत्या आजोबाला फुटणार नाही?

"आई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "भुकटी भरली मिस्त्रींनी. सील मारलं मिस्त्रींनी. गोदामाची किल्ली मिस्त्रींच्या कमरेला. कागद आला तर आपण पुन्हा शिकाऊ झालो, असं साऱ्या कामगारांसमोर म्हणाले ते मिस्त्री. आता आणखी काय शोधायचं? मी पोलिसांना फोन केलाय. संध्याकाळी अधिकारी येतील."

मिस्त्रींनी मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली.

हे मिस्त्री कोण, ते सांगितले पाहिजे. माझा मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयाचा असताना फिल्म गुंडाळणाऱ्या रुळांत त्याची बाही अडकली. मशीन त्याला आत ओढत होते. मिस्त्रींनी आपला उजवा हात त्या रुळांत घातला आणि पोराला बाहेर ढकलले. पोराच्या अंगावर ओरखडा उमटला नाही. मिस्त्रींची दोन बोटे तिथेच राहिली. यजमान त्या दिवशी इस्पितळात त्यांच्या खाटेपाशी म्हणाले होते, "या घरावर तुमचं ऋण आहे." त्यानंतर यजमान गेले, आणि ते ऋण माझ्या पदरात आले.

आणि आज त्याच माणसाला, एका अर्भकाला विष घालणारा म्हणून, माझ्या उंबऱ्यातून बेड्या घालून नेणार होते.

"संध्याकाळ व्हायची आहे अजून," मी म्हणाले. "तोवर या घरातून कोणीही बाहेर जायचं नाही. आणि स्वयंपाकघराला कुलूप घाला. बाळ माझ्या मांडीवर राहील."

मांजराला अंगणात पुरायचे ठरले. माळ्याने खणायला घेतले आणि फावड्याला काहीतरी लागले. त्याने ते झटकून वर काढले. यजमानांच्या काळातले आमचेच प्लास्टिकचे पाकीट. तेव्हापासून मातीत पडलेले, तरी लाल रंग तसाच भडक, आणि तळाशी एकाखाली एक अशी सीलच्या दोन आडव्या रेघा अगदी कालच मारल्यासारख्या. नातीने ते उलटेपालटे केले आणि बाजूला ठेवले. त्या खड्ड्यात मांजर गेले. मला मात्र उगीचच वाटत राहिले, की आमच्या अंगणाखाली आमचेच काहीतरी डोळे उघडे ठेवून पडलेले आहे.

३

पहिल्यांदा मी नातजावयाला बोलावले. तो विक्रीचे काम पाहतो. जिभेवर साखर आणि पायाला भिंगरी. त्या दिवशी साखर विरघळली होती.

"मी हिला म्हणालो होतो, आजी, आपलं बाळ म्हणजे काय प्रयोगाचा उंदीर आहे का? ऐकलं नाही तिनं. ऐकते का ती कोणाचं? तुमचीच नात."

"विषयाला धरून बोला. पेटीजवळ तुम्ही काय करत होता?"

"चिठ्ठ्या चिकटवत होतो. बाकी मला त्या खोलीतलं काय कळतंय? ते हातानं दाबायचं सीलचं मशीन आहे ना, एकदा नुसतं पाहायला गेलो तर बोट भाजून घेतलं. हे बघा."

"नवीन नोकरी शोधताय म्हणे."

तो दचकला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला कोणी सांगावं लागत नाही."

"प्लास्टिकवाल्यांनी बोलावलंय," तो ओशाळून म्हणाला. "हो म्हटलेलं नाही अजून. पण आजी, माझ्या पोराच्या वाटीत मी... तुम्हाला असं वाटतं तरी कसं?"

मला त्या क्षणी काहीही वाटू शकत होते, हेच भयंकर होते. बाळ मांडीवर मुठी चोखत होते आणि त्याच्या बापाच्या हातांकडे मी संशयाने पाहत होते.

तपासनीस बाई आल्या त्या ताठ मानेने. त्यांच्या आवाजात ना माया ना राग.

"कागदाबद्दल माझं मत मी मागच्या बैठकीतच मांडलं होतं," त्या म्हणाल्या. "कागद शेजारचं सगळं ओढून घेतो. वास, दमट हवा, गोदामातलं औषध. मी स्पष्ट सांगितलं होतं, की मी सर्वांत आधी वाळवीच्या औषधाचीच तपासणी करणार. एक कण सापडला तरी नकार."

"त्या बैठकीला कोण होतं?"

"तुमचे चिरंजीव, तुमची नात, त्यांचे पती आणि मी."

"मिस्त्री?"

"त्यांना कशाला बोलावतील?"

"आणि तुमच्या प्रयोगशाळेत ती भुकटी कोणी चाखतं का?"

"आजीबाई, आमच्याकडे यंत्रं चाखतात. माणसाच्या तोंडाजवळही ती जात नाही."

त्या उठून गेल्या. मी बसून राहिले. विषाचा पत्ता बाळाचा नव्हता, हे आता मला उमगले होते. ज्याने ते घातले त्याला ते यंत्राच्या तोंडात जायला हवे होते. माझ्या नातीच्या कागदाने ते गोदामातून ओढून घेतले, असे सिद्ध व्हायला हवे होते. आणि वाळवीच्या औषधाची ती भीती ज्याने बैठकीत ऐकली, त्यालाच हे सुचणार.

मिस्त्री त्या बैठकीत नव्हते. पण अधिकाऱ्याला मी एवढेच सांगितले असते, तर तो हसला असता. बातमी कारखान्यात पसरायला भिंती आड येत नाहीत.

४

मिस्त्री दारातच थांबले.

"आत या. बसा."

"उभाच बरा आहे, वहिनी."

"हे तुम्ही केलंत?"

"तुम्ही विचारताय?" त्यांचा आवाज फुटला. "बाळाच्या बारशाला पाळण्याची दोरी मी बांधली, वहिनी. माझ्या हातून? मी नुसती भुकटी भरली, सील मारलं, पेटीत ठेवलं. देवाशप्पथ एवढंच."

"मग घाबरता कशाला? हे पाहा पाकीट. तुम्हाला यात काही वावगं दिसतं?"

मी पाकीट पुढे केले. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरले. तोंडावरचे सील पाहिले आणि मान हलवली, "हे माझंच." मग सवयीने त्यांनी पाकीट उलटे केले.

आणि मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलेला प्रकार पाहिला. माणसाचा चेहरा डोळ्यांदेखत विझला. उरलेल्या तीन बोटांनी त्यांनी पाकिटाचा तळ झाकून घेतला, जणू तो उघडा पडला होता.

"मिस्त्री?"

त्यांनी पाकीट माझ्या हातात ठेवले. घडी करून.

"केलं असेल मीच, वहिनी."

"काय म्हणालात?"

"म्हातारा झालो. डोकं फिरलं असेल. येऊ द्या अधिकारी. मी हो म्हणेन."

"आत्ता देवाची शपथ घेत होता!"

"घेतली असेल. आता यापुढं मला काही विचारू नका. तुमच्या पाया पडतो."

ते खरोखरच वाकले, आणि मी काही बोलायच्या आत अंगणात निघून गेले. बाळ रडू लागले. मी त्याला थोपटत होते की स्वतःला, ते मला सांगता यायचे नाही. निरपराध माणूस दोन शब्दांच्या अंतरात गुन्हेगार व्हायला तयार झाला होता. आणि त्या दोन शब्दांच्या मध्ये त्याने फक्त एक पाकीट उलटे केले होते.

५

मी पाकीट उलगडणार तोच मुलगा चहाचा पेला घेऊन आत आला.

"आई, सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही."

"कुलूप कोणी काढलं?"

"माझ्या खोलीतल्या शेगडीवर केला. घे."

मी पेल्याकडे पाहत राहिले. वाफ निघत होती. ज्या पोराच्या तोंडात मी पहिला घास घातला, त्याच्या हातचा चहा प्यायला माझा हात उठेना.

"घे ना."

"निवू दे."

"आई," तो म्हणाला, "तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"आज माझा पाण्यावरसुद्धा विश्वास नाही."

त्याने पेला उचलला, एक मोठा घोट घेतला आणि पेला पुन्हा माझ्यापुढे ठेवला. "आता?"

मला लाज वाटली. मी चहा प्यायले. चहा चांगला होता. तो बाळाच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकला, आणि हात मधेच मागे घेऊन निघून गेला.

मग मी पाकीट उलगडून खिडकीपाशी नेले. नमुन्यांच्या पेटीतले दुसरे, न उघडलेले पाकीट मागवून शेजारी ठेवले. दोन्ही पाकिटांच्या तळाशी नातीने हिरव्या पानाची खूण छापली आहे. न उघडलेल्या पाकिटावर ते पान तळापासून अंगठाभर वर होते. विषाच्या पाकिटावर ते थेट सीलच्या अंगावर टेकले होते. तळ कोणीतरी कापून काढला होता. आत पूड ओतली होती. आणि हाताच्या मशीनवर तळाला नवे सील मारले होते. पाकीट अंगठाभर आखूड झाले होते. सकाळपासून आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडेच पाहत बसलो होतो.

आता मिस्त्रींचे काय? ज्याने भुकटी भरली, त्याच्यासमोर पाकिटाचे तोंड उघडे होते. त्याला विष घालायचे असते तर सील मारण्याआधी घालता आले असते. तळ कापायची गरज फक्त त्यालाच पडते, ज्याच्या हातात पाकीट बंद होऊन आले. त्यांच्या कमरेची किल्लीही काही सिद्ध करत नव्हती; गोदामाची दुसरी किल्ली दिवाणखान्यातल्या खुंटीवर कायम लोंबते.

पण हे समजून मिस्त्री सुटकेने रडायला हवे होते. ते विझले का?

मी चष्मा पुसला आणि नव्या सीलकडे पुन्हा पाहिले. खाचांची एक पट्टी. तिच्याखाली केसभर जागा सोडून दुसरी पट्टी. दुसरी किंचित तांबूस, करपलेली.

"अगं," मी नातीला बोलावले, "तुझ्या कागदाला दोनदा सील मारलं तर काय होतं?"

"करपतो लेप. एकदाच दाबायचं. मिस्त्रींची दोनदा दाबायची सवय मोडताना माझ्या नाकी नऊ आले होते. आता चुकूनही करत नाहीत ते. का गं?"

"काही नाही. बाळाला घे."

सकाळी अंगणातून निघालेले लाल पाकीट अजून पायरीवर पडले होते. मी ते उचलले नाही. उचलण्याची गरज नव्हती. खाण्याच्या मालाला दोन सील, हा माझ्या यजमानांचा दंडक. तो त्यांनी कागदावर लिहून दिला नव्हता. स्वतः शेजारी उभे राहून, मनगट धरून शिकवला होता. त्यांनी मनगट धरलेल्यांपैकी आज दोनच माणसे हयात होती. एकाने ते दोन सील ओळखले, आणि दुसऱ्यासाठी स्वतःला बेडी घालून घ्यायला निघाला.

मी खिडकीचा गज धरून उभी राहिले.

६

मला माझ्या तर्काचा गर्व आहे, पण आईला तर्क पुरत नाही. मला माझ्या डोळ्यांनी पाहायचे होते. खरे सांगायचे तर माझी चूक ठरावी म्हणून पाहायचे होते.

मी सर्वांना नमुन्यांच्या खोलीत बोलावले. हाताचे सीलिंग मशीन तापत ठेवले होते.

"उरलेल्या भुकटीचे भाग करून पाकिटात घातलेत," मी म्हणाले. "अधिकाऱ्यांकडे द्यायला. प्रत्येकानं आपल्या हातानं एकेक बंद करायचं, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको, की अदलाबदल झाली. मिस्त्री, तुम्ही बाजूला राहा."

"आई, या नाटकाची काय गरज?" मुलगा म्हणाला.

"माझ्या घरात गरज मी ठरवते."

नातजावई पुढे झाला. पाकीट तिरके धरून त्याने ते अर्धेच दाबले, बोट भाजले आणि शिवी गिळली. त्याची बायको एवढ्यातही म्हणाली, "तुला टपालाचं पाकीट तरी चिकटवता येतं का रे?" तपासनीस बाईंना मशीनचा दांडा कुठला तेच दाखवावे लागले. नातीने एकदा दाबले, सोडले, झाले.

मुलगा शेवटचा. त्याच्या मनात दुसरेच काहीतरी चालले होते. नजर खिडकीबाहेर, फाटकाकडे होती. पण हातांना मनाची गरज नव्हती. त्याने पाकीट झटकून सरळ केले. जबड्यात घातले. दाबले. उचलले. बोटाच्या पेराएवढे सरकवले. आणि पुन्हा दाबले.

करपट वास खोलीत पसरला.

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. मी कनवटीचे विषाचे पाकीट काढले आणि तळ त्याच्या पाकिटाशेजारी ठेवला. दोन रेघा, आणि दोन रेघा. दुसरी तांबूस.

नात त्या रेघांकडे पाहत होती, मग बापाकडे, मग पुन्हा रेघांकडे. तिने बाळाला इतके घट्ट धरले की ते रडायला लागले.

"बाबा?"

"ते कोणाच्या तोंडात जायचंच नव्हतं!" माझा मुलगा किंचाळला. तसा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. "ते मशीनमध्ये जाणार होतं. नुसता एक शेरा मारायचा होता त्यांनी, नापास म्हणून! मला काय ठाऊक तू पेटीतून काढशील? सांगितलं का नाहीस मला? एका शब्दानं सांगितलं असतंस तर..."

"तुम्हाला सांगितलं असतं तर काय, बाबा? दुसरं दिलं असतंत?"

"तीस मशीन, आई!" तो माझ्याकडे वळला. "तिचा कागद पास झाला की भंगारात. मी ज्यावर जगलो ते सगळं. ही म्हणते, आपण जगावर घाण केली. माझ्या बापानं, मी, आम्ही घाण केली? लोकांचं अन्न नासू दिलं नाही आम्ही. त्याचं काहीच नाही?"

"त्याचं मोल आहे," मी म्हणाले. "ते सांगायला तुला तोंड होतं. बैठकीत बोलायचं होतं, भांडायचं होतं. मी तुझ्या बाजूनंही बोलले असते."

"चूक झाली, आई."

"मांजर मेलं, ती चूक होती. सकाळी सगळ्यांसमोर मिस्त्रींचं नाव घेतलंस, तेव्हा मांजर मरून तास उलटला होता. तेव्हा तुला सारं कळलं होतं. ती चूक नव्हती."

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला.

७

मिस्त्री माझ्या आडवे आले.

"वहिनी, माझं नाव सांगा. मी तयार आहे. मला मागं ना पुढं कोणी. याला मुलगी आहे, नातू आहे."

"सरका बाजूला."

"याला मी रुळांतून सोडवला तो काय या दिवसासाठी? माझी बोटं तुम्ही वाया घालवताय!"

"तुमची बोटं यानं सकाळीच वाया घालवली, मिस्त्री. त्याला वाटलं, पुन्हा एकदा तुम्ही हात घालाल. आणि तुम्ही घातलातही. मी घालू देणार नाही."

"आई," मुलगा म्हणाला. तो माझ्या खांद्याएवढा असताना अंधाराला भिऊन म्हणायचा, अगदी तसा. "तू मला देणार?"

मला वाटले, माझी जीभ टाळूला चिकटेल आणि अधिकारी मिस्त्रींना घेऊन जातील आणि मी तशीच उभी राहीन. दार उघडले. अधिकारी आत आले, टोपी काखेत धरून, आणि त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ती नजर मिस्त्रींच्या तुटक्या हातावर थांबली.

"हेच का ते?"

मी पुढे झाले आणि माझ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही. हा. हा माझा मुलगा. विष यानं घातलं आणि आळ या निरपराध माणसावर घातला. पुरावा टेबलावर आहे, माझी नात समजावून सांगेल. जबाब मी देईन."

त्याने प्रतिकार केला नाही. जाताना त्याने बाळाकडे पाहिले नाही, मुलीकडेही नाही. मिस्त्रींसमोर मात्र तो थबकला. काही म्हणणार होता. मिस्त्रींनी त्याच्या सदऱ्याची वर गेलेली कॉलर सरळ केली, आणि अधिकाऱ्यांनी त्याला पुढे घेतले.

गाडी निघून गेली. तपासनीस बाई खाली मान घालून नमुन्यांची पेटी पुन्हा भरू लागल्या. नात बापाच्या मशीनकडे तोंड करून उभी होती. ती रडत होती, आणि मी तिला रडू दिले.

मी मिस्त्रींकडे वळले. "यजमान त्या दिवशी म्हणाले होते, ते मी आज पुरं केलं. तुम्ही माझा मुलगा मला दिला होता. तुमच्या नावासाठी मी तो दिला. या घरावर आता तुमचं ऋण राहिलं नाही."

त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी कृतज्ञता असेल, असे मला वाटले होते. ती नव्हती.

"फिटलं, वहिनी," ते म्हणाले. "सगळं फिटलं."

मग त्यांनी दाराशी काढलेल्या चपला पायात घातल्या.

"कुठं निघालात?"

"चौकीवर. रात्रभर एकटा बसेल तो. लहानपणापासून अंधाराला भितो." त्यांनी कमरेची गोदामाची किल्ली काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "आता कोणाचं देणं-घेणं म्हणून जात नाही. माझं मी जातो."

आणि ते गेले.